पंखाची मागली कड

विमान पाहावयास गेलेल्या माणसाची नजर प्रथम इंजिनाकडे जाते, मग पंख्याकडे. पंखाच्या मागल्या कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर हलणारी जी अरुंद पट्टी असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तिला आयलेरॉन म्हणतात. एका पंखावरची वर उचलली की दुसऱ्या पंखावरची खाली जाते आणि विमान कुशीवर वळते. तिच्यावाचून विमान उडेल, पण वैमानिकाच्या म्हणण्यात राहणार नाही. राइट बंधूंनी हेच काम सबंध पंखाला पीळ देऊन साधले होते. पण पंख ताठ झाले तेव्हा पिळण्याची सोय संपली, आणि वेगळी पट्टी घडविणे भागच पडले.

ही पट्टी आपल्या देशात, आपल्याच आराखड्यावरून घडली ती बंगळूरला. त्या कथेत महाराष्ट्रातली दोन माणसे आहेत. पहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी काढली. १९४१ साली तिथून पहिले हार्लो विमान उडाले. पण त्याचा आराखडा अमेरिकन होता. पुढे युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना मुख्यतः दुरुस्तीच्या कामाला जुंपला गेला. दुरुस्तीला हिणविण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. दुसऱ्याने घडविलेली शेकडो विमाने उकलून पुन्हा जोडताना जे हात तयार होतात, ते पुस्तकाने होत नाहीत.

दुसरे डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूरकडचे. गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्यापाशी शिकून १९३६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. हवा पृष्ठभागाला घासून जाताना तिच्या अगदी पातळ थरात काय घडते, हे जगाला समजावून सांगणारे ते प्रांटल. अशा गुरूचा शिष्य बंगळूरला आला, विज्ञान संस्थेत त्याने विमानविद्या शिकविली आणि कारखान्यात आराखडे काढले. १९४८ साली मंजुरी मिळाली आणि 'एचटी-२' या शिकाऊ विमानाचे काम सुरू झाले. सर्व सांगाडा धातूचा, पंख खालच्या अंगाला, गुरु-शिष्यांची आसने एकामागे एक. तोवर आपले शिकाऊ वैमानिक कापडी अंगाच्या टायगर मॉथवर धडे गिरवीत असत. इंजिन मात्र विलायती होते, हेही सांगून टाकलेले बरे.

आता धातूची ही पट्टी घडते कशी? अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा लाकडी ठोकळ्यावर दाबून फासळ्या काढतात. वजन घटावे म्हणून त्यांना भोके पाडतात आणि भोकांचे काठ दुमडतात, म्हणजे पत्रा हलका होऊनही ताठ राहतो. फासळ्या आडव्या तुळईला जोडून वर पत्र्याचे कवच चढवितात. हे सारे साच्यात घट्ट धरून भोके पाडावयाची, काठाची कुसळे साफ करावयाची, मग रिव्हेट ठोकावयाचे. एकाने बाहेरून हातोडी चालवावयाची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा टेकवावयाचा. या मिश्रधातूचा स्वभावही विलक्षण. तापवून पाण्यात बुडविला की तो काही वेळ मऊ राहतो आणि मग आपोआप कडक होत जातो. आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञाच्या हे १९०६ साली ध्यानात आले. म्हणून त्याचे रिव्हेट ठोकण्याच्या घटकेपर्यंत बर्फासारख्या थंडीत ठेवण्याची पद्धत पडली. अशी पेटी एखाद्या आइस्क्रीमवाल्याची वाटावी!

खरी कसोटी सरळपणाची. कवच एका टोकाकडून घाईने ठोकीत गेले की पट्टीला पीळ बसतो, आणि मागली कड बंद झाल्यावर तो पीळ निघत नाही. मग विमान सरळ उडत असताही एका कुशीला कलू पाहते. दुसरी भीती थरथरीची. पट्टीचा भार बिजागरीच्या मागे अधिक पडला तर विशिष्ट वेगाला ती फडफडू लागते आणि क्षणार्धात पंख मोडू शकतो. म्हणून बिजागरीच्या पुढे शिशासारखे जड वजन बसवितात. रंगाचा एक जादा हात दिला तरी तोल पुन्हा तपासावा लागतो.

हे कारागिराचे चोचले नव्हेत. १९४० च्या लढाईत स्पिटफायर विमानांच्या आयलेरॉनवर कापड होते. वेग वाढला की ते फुगे आणि दांडा दोन्ही हातांनी रेटूनही हलत नसे. त्यावर धातूचे कवच चढविले तेव्हा कोठे तेच विमान चपळ झाले. शिकाऊ विमानाचा वेग त्या मानाने कमी. पण दांडा नवशिक्याच्या हाती असतो. तो फार जड असून चालत नाही आणि फार हलका असूनही चालत नाही.

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ प्रथम आकाशात नेले. पुढे दीडशेहून अधिक विमाने बनली. घाना देशाचे हवाई दल उभे राहिले तेव्हा त्याचे तरुणही याच विमानावर शिकले. १९६५ साली घाटग्यांना पद्मश्री मिळाली. मुन्शींचे नावही नोंदीत आहे. आतून ठोकळा धरणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणत्याही इतिहासात मला आढळले नाही. आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या पहिल्यांदा कुशीवर वळल्या, त्या त्याने धरलेल्या ठोकळ्याच्या भरवशावर.