सियालदाहच्या भगिनी सिरिल

उदरनिर्वाहासाठी कलकत्त्यास आलेल्या आम्हां मराठी कुटुंबांस सियालदाह स्थानक नवे नाही. तेथील फलाटांवर वाढणारी मुले आमच्या नित्य दृष्टीस पडलेली. स्थानकानजीकच्या लोरेटो कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका भगिनी सिरिल मूनी यांनी अशा मुलांसाठी निराळी शाळा काढली नाही. आपल्याच शाळेचे दार उघडले. त्यांच्या कार्याचे मर्म आम्हांस येथेच दिसते.

आयर्लंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या या भगिनी १९५६ मध्ये भारतात आल्या आणि १९७९ मध्ये त्यांनी या शाळेची सूत्रे स्वीकारली. १९८५ साली ‘रेनबो’ उपक्रम सुरू झाला. रस्त्यावरील मुलीने सवडीने यावे, शाळेतील मोठ्या मुलीने तिला शेजारी बसवून अक्षरे गिरवून घ्यावीत, आणि तयारी होताच तिला वयास साजेशा वर्गात घालावे, अशी ती रीत. गच्चीवर रात्रीचा निवाराही झाला. पुढे शाळेतील सुमारे निम्म्या मुली विनामूल्य शिकू लागल्या. फी भरणाऱ्या पालकांस शंका आल्याच असतील; आपणांपैकी कोणास आल्या नसत्या?

१९९४ मध्ये युनेस्कोचे नोमा पारितोषिक व २००७ मध्ये पद्मश्री त्यांस लाभली. २०११ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाल्या. २५ जून २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. खेड्यापाड्यांतील व वस्त्यांतील तरुणांस त्यांनी अध्यापनाचे शिक्षण दिले होते. त्यांस त्या ‘अनवाणी शिक्षक’ म्हणत.