ग्राफिक्स कार्ड आणि संगणकाची पेटी



दुकानांत जिला ‘कॅबिनेट’ म्हणतात, त्या संगणकाच्या पत्र्याच्या पेटींत नवें ग्राफिक्स कार्ड मावत नाहीं, हें गाऱ्हाणें हल्लीं वारंवार ऐकूं येतें. पडद्यावरील चित्रें सिद्ध करणारें हें कार्ड पेटीहून कितीतरी पट महाग. आणि तें हातांत घेऊन बसलेला मनुष्य बोटभर अंतरासाठीं अडलेला असतो. दोष कार्डाचा, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास पाहतां तो अर्धाच खरा ठरतो.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस आणला. त्यांतील पडद्याचीं कार्डें तेरा इंचांच्या आसपास लांब होतीं. पेटी त्यांच्याच मापानें बेतलेली होती. १९८३ च्या एक्स. टी. यंत्रांत कार्डें खोवण्याच्या खांचा पांचांवरून आठ झाल्या आणि दोन खांचांमधील अंतर १ इंचावरून ०.८ इंचावर आलें. तें माप आजतागायत बदललेलें नाहीं.

पुढें चिपा लहान झाल्या आणि कार्डें आंखूड होत गेलीं. पीसीआय नियमावलीनें पूर्ण लांबीच्या कार्डाला ३१२ मिलिमीटर दिलेले होते. पण घरगुती यंत्रांत तेवढें लांब कार्ड क्वचितच येई. इंटेल कंपनीनें १९९५ मध्यें ठरविलेल्या एटीएक्स मापाचा मदरबोर्ड ९.६ इंच रुंद. त्याच्या पुढें पेटी करणारांनीं हार्ड डिस्कचे पिंजरे रिव्हेट मारून पक्के बसविले. पाहुणा फिरकत नाहीं असें पाहून ओसरी भाड्यानें द्यावी, तसा हा प्रकार झाला.

मग पाहुणा परतला, आणि त्याला आणलें उष्णतेनें. चिप जितकी बलवान, तितका तिचा ताप अधिक. तो उतरविण्यास धातूच्या पात्या व पंखे हवेत. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रानें दोन खांचांची जागा अडविली. त्याच्या पंख्याचा कर्कश आवाज तर थट्टेचा विषय झाला. नोव्हेंबर २००६ मध्यें आलेलें ८८०० जीटीएक्स १०.५ इंच लांब होतें. तें मदरबोर्डाच्या कडेबाहेर जवळजवळ इंचभर येई व थेट पिंजऱ्यावर आदळे. तरीहि ३१२ मिलिमीटरांची मर्यादा त्यानें ओलांडली नव्हती!

त्याच सुमारास माझ्या भाच्यानें शिकवण्यांच्या पैशांतून असें एक कार्ड घेतलें. ‘बसेल, काळजी नको,’ असें दुकानदारानें सांगितलें होतें. तें बसेना, तेव्हां पिंजऱ्याचे रिव्हेट त्यानें ड्रिलनें उडविले. पण मदरबोर्ड आधीं बाहेर काढला नाहीं. पत्र्याचा कीस आंत पडला, आणि वीज देतांच बोर्ड गतप्राण झाला. कार्ड वांचलें, पण बोर्डासाठीं पुन्हां सहा महिने शिकवण्या कराव्या लागल्या. पत्रा कापावयाचा तर पेटी आधीं संपूर्ण रिकामी करावी, एवढें त्या दिवशीं आम्ही मामा-भाचे शिकलों.

कालांतरानें पेटीवाल्यांनीं पिंजरे काढतां येण्याजोगे केले आणि लांबीचा तंटा पुष्कळसा मिटला. आतां तंटा जाडीचा व उंचीचा आहे, आणि येथें मात्र दोष कार्डाच्या पदरीं जातो. २०२२ चें आरटीएक्स ४०९० लांबीला ३०४ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेंतच. पण जाडी ६१, म्हणजे तीन खांचा, आणि उंची १३७. नियमावलींतील उंची सुमारें १११ आहे. शिवाय विजेची तार वरच्या काठांतून निघते, आणि पेटीची बाजू तिला दाबते. तार जोडणीपाशींच मुरडणें धोक्याचें. म्हणून माप घेतांना केवळ कार्ड मोजून भागत नाहीं, तारेचा बांकहि मोजावा लागतो. एनव्हिडिया कंपनीनें २०२४ मध्यें लहान पेट्यांसाठीं जीं मापें सुचविलीं, त्यांत तारेच्या बांकासह उंची १५१, लांबी ३०४ आणि जाडी ५० मिलिमीटर धरली आहे.

जानेवारी २०२५ मध्यें त्याच कंपनीनें स्वतःच्या घडणीचें आरटीएक्स ५०९० आणलें. तें ५७५ वॅट वीज घेतें, आणि जाडी अवघी ४० मिलिमीटर: १९८३ च्या मापानें बरोबर दोन खांचा.