बाबूराव पेंटर यांचा देशी कॅमेरा

बाबूराव पेंटर यांचा देशी कॅमेरा हा कोल्हापूर येथे १९१८ साली पूर्ण झालेला, हाताने फिरवण्याचा चलच्चित्र कॅमेरा होय. चित्रकार बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) व त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी तो सिद्ध केला. भारतात बनलेल्या आरंभीच्या चलच्चित्र कॅमेऱ्यांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

बाबूराव आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव पेंटर हे नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाल्यानंतर दोघेही चित्रपटाकडे आकृष्ट झाले. फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला होता. या बंधूंनी मात्र यंत्र स्वतःच घडवण्याचे ठरवले. त्यासाठी पैसा उभा करण्याकरिता त्यांनी चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय केला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. पुढे बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने काम तडीस नेले.

तांत्रिक अडचण

चलच्चित्र कॅमेऱ्यात फिल्म अखंड सरकत नाही. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर थांबते, झडप उघडते, झडप मिटताच एक आकडा फिल्मच्या कडेच्या छिद्रांत अडकून तिला पुढे ओढतो. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राला चार छिद्रे लागतात. आकड्याची ओढ किंचितही कमीअधिक झाली, तर पडद्यावर चित्र थरथरते. मूकपटाच्या काळात सेकंदाला सुमारे १६ चित्रे घेतली जात. त्यासाठी दांडा साधारणतः सेकंदाला दोन फेरे, एकसारख्या लयीत फिरवावा लागे. लय चुकल्यास पात्रांच्या हालचाली अकारण जलद वा मंद दिसत. म्हणूनच चित्राची स्थिरता यंत्राच्या घडणीइतकीच चालकाच्या हातावरही अवलंबून असे.

उपयोग

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट या कॅमेऱ्यावर चित्रित होऊन १९२० साली प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

वारसा

दामले हे १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. त्यांनी फत्तेलाल यांच्यासह 'संत तुकाराम' (१९३६) दिग्दर्शित केला. देशी कॅमेऱ्याची स्मृती म्हणून कोल्हापुरातील खरी कॉर्नर येथे कॅमेरा स्तंभ उभारण्यात आला आहे.