उपरे वाक्य

इंदूरची माझी भाची सध्या कॅटच्या तयारीत आहे. त्या परीक्षेत इंग्रजीचा एक प्रश्न असतो. पाच वाक्ये उलटसुलट दिलेली असतात, त्यांतल्या चारांचा मिळून एक परिच्छेद होतो आणि एक उपरे ठरते. त्या उपऱ्याचा क्रमांक आपण टंकायचा. परवा तिचा फोन आला. "मावशी, पाचही वाक्ये रेल्वेबद्दलच आहेत गं. मग त्यांतलं एक बाहेरचं कसं?"

मी तिला माझ्या मनाने एक उदाहरण रचून दिले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. तिच्या १४ डब्यांना तीन इंजिने जोडलेली होती. आत सुमारे ४०० पाहुणे बसले होते. आज मुंबईच्या लोकलमधून रोज लाखो लोक प्रवास करतात. २१ मैलांचे अंतर कापून गाडी ठाण्याला पोहोचली. चौथे वाक्य खरे आहे आणि रेल्वेचेही आहे, पण बाकीची चार एका दिवसाची हकीकत सांगताहेत आणि हे तिच्यात मध्येच उठून आजच्या काळात जाते. ते काढले तर काहीच अडत नाही, उलट पाहुणे गाडीत बसतात आणि गाडी पुढे जाते. शब्द जुळतात का हे बघू नकोस, काम जुळते का ते बघ, असे मी तिला सांगितले. तिचे समाधान झाले, माझे झाले नाही. परिच्छेदाने एकच काम करावे, हे ठरवले कुणी?

मूळ ग्रीक शब्द 'पॅराग्राफॉस' हा मजकुराच्या गठ्ठ्याचा वाचक नव्हता. ओळीच्या आरंभी, समासाच्या बाजूने मारलेली ती एक आडवी रेघ होती. इथे काहीतरी बदलते आहे, एवढेच ती वाचणाऱ्याला सांगे. मध्ययुगीन हस्तलिखितांत तिच्या जागी रंगीत खुणा आल्या आणि छपाईच्या काळात आत सरकवलेली पहिली ओळ आली. म्हणजे परिच्छेद ही आधी डोळ्यांची सोय होती. तिचा नियम झाला तो बऱ्याच उशिरा. अलेक्झांडर बेन हे ॲबर्डीन विद्यापीठात तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते आणि इंग्रजीही शिकवत. १८६६ साली त्यांनी इंग्रजी लेखनावर पाठ्यपुस्तक काढले. परिच्छेदाला एक निश्चित हेतू हवा, विषयांतर नको, आणि पहिल्या वाक्याने विषय ठळकपणे सांगावा, असे नियम त्यांनी त्यात घालून दिले. पुढे १८९१ मध्ये हार्वर्डच्या बॅरेट वेंडेल यांनी वाक्य, परिच्छेद आणि संपूर्ण लेख या तिन्हींना एकतेचे तत्त्व लावले. अमेरिकेतल्या वर्गांमध्ये ही शिकवण रुजली. तर्कशास्त्राच्या माणसाने विचार तपासायला केलेली फूटपट्टी अशी शाळेच्या दप्तरात आली.

चांगले लेखक ती पाळतात का? १९७४ साली रिचर्ड ब्रॅडॉक यांनी अमेरिकी मासिकांतले २५ लेख घेऊन मोजदाद केली. विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद जेमतेम १३ टक्के निघाले. एकता त्या लेखांतही असणार. पण ती दारावर पाटी लावून बसलेली नव्हती, वाचणाऱ्याला शोधावी लागत होती.

आपल्याकडे 'परिच्छेद' हा शब्द जुना आहे, पण त्याचे माप वेगळे होते. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त दहा परिच्छेद आहेत आणि त्यांतला प्रत्येक म्हणजे एक अख्खे प्रकरण. मोडी कागदांत तर ओळ सलग वाहायची, शब्दांमध्येही अंतर नसे. मायना संपून मुद्दा सुरू झाला हे 'विशेष' या शब्दावरून कळायचे आणि यादीतली बाब 'कलम' म्हटल्यावर बदलायची. मराठीत विरामचिन्हे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने. आजचा परिच्छेदही मराठीत आला तो छापील पुस्तकाबरोबर.

पण कोणते वाक्य कुणाचे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला होता. रोजच्या मराठीत आपण 'त्यांच्यात एकवाक्यता नाही' म्हणतो, तो शब्द मीमांसकांचा. जैमिनीने कसोटी दिली ती अशी: प्रयोजन एक असेल आणि तुकडे वेगळे केल्यावर एकाला दुसऱ्याची आकांक्षा राहत असेल, तर ते सारे मिळून एक वाक्य. आता वेदांत असंख्य वाक्ये अशी, की ज्यांत विधी नाही. नुसती एखादी गोष्ट किंवा देवतेची स्तुती. यज्ञाच्या दृष्टीने ती उपरीच. मीमांसकांनी ती खोडली नाहीत, कारण वेदात निरर्थक काही नसते ही त्यांची श्रद्धा. त्यांनी त्यांना अर्थवाद म्हटले आणि ती कोणत्या विधीची पाठराखण करतात ते शोधून त्याच्याशी जोडून दिली. बेन विचारतात, हे इथे का आले? मीमांसक विचारतो, हे कुणाचे आहे?

या दोन प्रश्नांमधले अंतर मला शाळेतच भोगावे लागले होते, पण तेव्हा त्याला नाव नव्हते. इंग्रजीच्या तासाला आमच्या नदीवर निबंध होता. मी पहिले वाक्य लिहिले, नदी फार उपयोगी असते. मग शेती, मासे, वाळू. मग लिहिले, माझ्या आजीच्या अस्थी आम्ही याच नदीत सोडल्या. त्या वाक्यावर लाल रेघ आली आणि समासात एकच शब्द, 'इर्रेलेव्हंट'. मी ते वाक्य गाळून निबंध पुन्हा लिहिला. गुण बरे मिळाले. नंतर कितीतरी वर्षे मी इंग्रजीत लिहिताना घरचे माणूस आत येऊ दिले नाही.

आज तो परिच्छेद मी बेनच्या कसोटीला लावते, तेव्हा लाल रेघ बरोबरच ठरते. उपयोगांच्या यादीत अस्थी बसत नाहीत. पण त्या पानावर माझे असे तेवढे एकच वाक्य होते. उसने होते ते पहिले. 'या नदीशी आमच्या घराचे नाते आहे' अशी सुरुवात केली असती, तर अस्थी घरच्या झाल्या असत्या आणि वाळूचा उपयोग उपरा ठरला असता.

रात्री मी भाचीला फोन केला. म्हटले, त्या रेल्वेच्या उताऱ्यात पहिले वाक्य बदल. 'मुंबईला रेल्वेची सवय लागली ती अशी' असे लिही आणि मग लोकलचे वाक्य शेवटी ठेवून बघ. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता ते बसतंय की! पण मावशी, परीक्षेत पहिलं वाक्य बदलता येत नाही."

खरे आहे. परीक्षेत नाही येत.