श्वानशिक्षण, घरगुती

घरात पाळलेल्या कुत्र्याला माणसांबरोबर सुरक्षितपणे राहता यावे म्हणून लावलेले वळण. हाकेला येणे, बसणे, थांबणे, तोंडातली वस्तू सोडणे, दोरीला हिसका न देता चालणे आणि शी-शू ठरल्या जागी करणे हा त्याचा गाभा. पद्धत निवडताना बहुतेक घरांत ‘कुत्रा किती लवकर ऐकेल’ एवढेच पाहिले जाते. ऐकताना त्याला आपल्याबद्दल काय वाटते, हे त्याहून आधी पाहायला हवे. पुढची दहा-बारा वर्षे त्याने आपल्याच घरात काढायची असतात.

नोंदीतली उदाहरणे सिंदी (रेल्वे) या वर्धा जिल्ह्यातील, सेलू तालुक्यातल्या गावाला धरून आहेत. नागपूर–वर्धा लोहमार्गावरचे हे नगरपरिषदेचे गाव. गाड्यांचे भोंगे, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारा पारा आणि मोठाल्या लाकडी नंदींसाठी विदर्भात नावाजलेला तान्हा पोळा, या तिन्हींचा कुत्र्याच्या शिक्षणाशी थेट संबंध येतो.

धाकाची पद्धत : गोऱ्ह्याला वेसण घालून ताब्यात आणणाऱ्या शेतकरी घरात कुत्र्यालाही धाकानेच वळण लागते, असे मानणे स्वाभाविक आहे. युरोपात या समजुतीला शिस्तबद्ध रूप मिळाले ते कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याच्या १९१० सालच्या पुस्तकातून. गळ्यातल्या पट्ट्याचा झटका हे त्यातले मुख्य साधन. पुढे १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांच्या वागण्याविषयी लिहिले. त्यावरून ‘मालकाने कळपाचा म्होरक्या व्हावे, कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरावे’ असा सल्ला जगभर पसरला. पण ते लांडगे बंदिवासात एकत्र ठेवलेले होते. डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मोकळ्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून दाखवले, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंबच. म्होरकेपणाचा सल्ला ज्या पायावर उभा होता तोच असा खचला, तरी सल्ला अजून फिरतो आहे.

धाक काम करतो, हे नाकारता येत नाही. चपलेचा फटका बसलेला कुत्रा त्या क्षणी गप्प बसतो. पण तो शिकतो काय? फटक्याच्या वेळी समोर जो असेल त्याच्याशी तो वेदना जोडतो. दारात आलेल्या लहान मुलावर गुरगुरला म्हणून मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी गुरगुरत नाही, सरळ चावतो. सूचना देण्याची त्याची सवय आपणच मोडलेली असते. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये शिकवणीच्या वेळी ताणाची लक्षणे जास्त दिसली आणि लाळेतले कॉर्टिसॉलही अधिक वाढलेले आढळले.

बक्षिसाची पद्धत : ज्या कृतीचा शेवट गोड होतो ती प्राणी पुन्हा करतो. एडवर्ड थॉर्नडाइक आणि नंतर बी. एफ. स्किनर यांनी मांडलेल्या या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. यात सगळी भिस्त वेळेवर असते. कुत्र्याचे बूड जमिनीला टेकले त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि लगेच घास. पाच सेकंदांनी दिलेला घास उठून उभे राहिल्याबद्दल मिळाला, असे त्याला वाटते. त्यासाठी महागडी बिस्किटे लागत नाहीत. पोळीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे नखाएवढे तुकडे पुरतात. मनुका, चॉकलेट आणि कांदा घातलेले काहीही मात्र कधी देऊ नये. ते कुत्र्याला विषारी ठरते. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, इतके बस होते.

‘हे लाडाचे शिक्षण, कामाचे नव्हे’ असा आक्षेप घेतला जातो. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर हा लॅब्राडॉर पुण्यातल्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तयार झाला आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने हजारो किलो आरडीएक्स हुडकून दिले. वास हुडकण्याचे काम मारून करवून घेता येत नाही. नेमका वास सापडला की आवडता चेंडू किंवा खेळ मिळतो, या ओढीवरच जगभर असे कुत्रे तयार होतात.

घरोघरी ही पद्धत फसते ती शब्दांपायी. आजी ‘बैस’ म्हणते, नातू ‘सिट’, वडील ‘खाली बस रे’. कुत्र्यासाठी हे तीन वेगळे आवाज. सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवणे ही पहिली पायरी. जेवताना एकाने ताटातला तुकडा टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच कारणासाठी हाकलायचे, हेही तितकेच नुकसान करते.

कुत्र्यानुसार निवड : तीन ते सुमारे बारा आठवडे हा पिल्लाचा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ. लसीकरण पुरे होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडू नये, पण कडेवर घेऊन स्टेशन, बाजार, गुरेढोरे जरूर दाखवावीत. रस्त्यावरून आणलेल्या मोठ्या गावठी कुत्र्याला पहिले काही दिवस काहीच शिकवू नये. घर आणि माणसे ओळखीची होऊ द्यावीत. कारवानीसारखा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा ससा दिसताच हाक विसरतो, म्हणून उघड्या शिवारात त्याला लांब दोरी हवीच. शांत कुत्रा अचानक चावरा झाला, तर आधी पशुवैद्याकडे न्यावे. दुखणे शिकवणीने जात नाही.

उन्हाळ्यात धडा सूर्योदयापूर्वी घ्यावा. धापा टाकणारा कुत्रा शिकत नाही, फक्त सोसतो.

साखळी : दिवसभर बांधलेला कुत्रा जास्त भुंकतो, मग भुंकतो म्हणून आणखी बांधला जातो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार फार आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, दोन्ही गुन्हे आहेत.

आवाजाची भीती : ही शिक्षेने वाढते आणि दुर्लक्षानेही जात नाही. भोंग्याला भिणाऱ्या कुत्र्याला रुळांपासून इतके दूर उभे करावे की आवाज ऐकूनही तो घास घेईल. घास नाकारला, तर अंतर कमी पडले असे समजावे. मग आठवड्यागणिक थोडे थोडे जवळ जावे. ढोलताशांसाठी पोळ्याच्या महिना-दीड महिना आधीपासून हळू आवाजातले ध्वनिमुद्रण जेवणाच्या वेळी लावावे. तयारी झाली नसेल, तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्याला गर्दीत नेऊ नये. आतल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, घरातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने त्याच्याजवळ बसावे.