ठिकाण न सांगणारे शब्द

माणूस गेल्याचे कळवणारे मराठीतले बहुतेक शब्द सोबत पत्ताही सांगतात. कैलासवासी, वैकुंठवासी, स्वर्गवासी. मुसलमानासाठी पैगंबरवासी, ख्रिस्ती माणसासाठी ख्रिस्तवासी. 'दिवंगत' तटस्थ वाटतो, पण फोड केली की 'दिवं गत', स्वर्गाला गेलेला. 'देवाज्ञा झाली' यात ठिकाण नाही, पण हुकूम कोणाचा ते आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६ अलीपूर रोडच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर झोपेतच गेले, तेव्हा यांतला एकही शब्द त्यांच्या नावापुढे लावण्याजोगा नव्हता. नागपूरच्या धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, अशा प्रतिज्ञा लाखोंनी त्यांच्यामागून उच्चारल्या होत्या. त्या माणसाला कैलासात किंवा वैकुंठात कसे पाठवणार?

या देशाचा नागरिक म्हणून माझ्यावर ज्यांचे सर्वांत मोठे ऋण आहे, त्यांच्या मृत्यूचा विचार मी करतो तेव्हा ही शब्दांची अडचण मला फार खोलवर जाणवते. ज्या लोकांना शतकानुशतके स्वतःची भाषाही उसनी वापरावी लागली, त्यांना आपल्या सर्वांत मोठ्या दुःखासाठी नवा शब्द हवा होता. तो त्यांनी पालीतून आणला: महापरिनिब्बान, संस्कृत वळणाने महापरिनिर्वाण.

'निर्वाण' मराठीला अनोळखी नव्हता. निर्वाणीचा इशारा, निर्वाणीचा उपाय, निर्वाणीची वेळ असे आपण सर्रास म्हणतो, आणि त्यात शेवटच्या टोकाचा भाव असतो. मुळात मात्र हा दिव्याचा शब्द. 'वा' म्हणजे वाहणे, फुंकणे. वात आणि वायू यांतला तोच धातू. पाणिनीने या रूपासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे: वारा पडला तर 'निर्वात' म्हणायचे, पण दिवा किंवा अग्नी विझला तर 'निर्वाण'. वर्तमानपत्रांतले 'प्राणज्योत मालवली' हे झिजलेले वाक्य याच जुन्या चित्रातले आहे, फक्त विझते काय याबद्दल बुद्धाचे म्हणणे वेगळे. त्याच्या लेखी विझायची ती प्राणाची ज्योत नव्हे, तर राग, द्वेष आणि मोह यांची आग. आणि ती माणूस जिवंत असतानाच विझवायची असते. 'परि' हा उपसर्ग लागला की अर्थ होतो पुरते, सर्व बाजूंनी. देह पडल्यावर होते ते परिनिर्वाण.

हा भेद बाबासाहेबांनी स्वतः 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नेटाने मांडला आहे. निर्वाण म्हणजे आत्म्याची सुटका नव्हे, तर सदाचाराच्या वाटेने चालता यावे इतका विकारांवर ताबा. परिनिर्वाण म्हणजे पूर्ण विराम. त्यानंतर काही उरत नाही. नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना ते कुशीनगरला, बुद्धाच्या परिनिर्वाणाच्या गावी, जाऊन आले होते. मृत्यूच्या आदल्या रात्री याच ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी तपासण्यासाठी मागून घेतली होती.

मग 'महा' कुठून आला? दीघनिकायातल्या सोळाव्या सुत्ताचे नाव महापरिनिब्बानसुत्त. त्याच संग्रहात महानिदानसुत्त आहे, महासतिपट्ठानसुत्त आहे. या नावांत 'महा' सुत्ताच्या थोरवीचा, लांबीचा दिसतो: परिनिर्वाणाविषयीचे मोठे सुत्त. पुढे तो सुत्तावरून सरकून मृत्यूला चिकटला. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात आडव्या झालेल्या बुद्धाची जी प्रचंड मूर्ती आहे, खाली शोक करणारे शिष्य आहेत, तिलाही आपण महापरिनिर्वाणच म्हणतो. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावणाऱ्या माणसाला हे 'महा' मानवले असते का, हा प्रश्न मला पडतो, आणि तो टाळू नये असे वाटते. तरीही मी या शब्दाच्या बाजूने आहे. देव करणारा शब्द लोकांना सहज सापडला असता. त्यांनी निवडला तो मागे काहीच उरत नाही असे सांगणारा.

श्रद्धांजलीचेही तसेच. 'श्राद्ध' हा शब्द 'श्रद्धा'पासूनच बनला आहे. पालीत 'सद्धा' आहे आणि तिला मानही आहे, पण श्राद्धाची सावली नको म्हणून ६ डिसेंबरच्या फलकांवर बहुधा 'विनम्र अभिवादन' असते. अभिवादन म्हणजे समोरासमोर केलेला नमस्कार. तो जिवंत माणसालाही करतात.

७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच लाखाहून अधिक लोकांना दीक्षा दिली. त्या जागेवर १९७१ मध्ये स्तूप उभा राहिला आणि तिचे नाव झाले चैत्यभूमी. चिता आणि चैत्य एकाच 'चि' धातूचे, अर्थ रचणे, एकावर एक ठेवणे. भिंत 'चिणणे' हे मराठी क्रियापदही त्याच कुळातले. लाकडे रचली ती चिता, तिच्या जागी विटा-दगड रचले ते चैत्य. स्मशानाचा चैत्य होणे हे भाषेच्या दृष्टीने अगदी सरळ आहे. समाजाच्या दृष्टीने ते किती अवघड होते, हे ज्यांना गावच्या सार्वजनिक स्मशानातही जागा मिळत नव्हती त्यांनाच ठाऊक.

एका माणसाच्या मृत्यूसाठी उघडलेली ही वाट मग घराघरांत गेली. बौद्ध कुटुंबांच्या निमंत्रणपत्रिकांत आता 'कै.' नसते, 'कालकथित' असते, आणि तेराव्याऐवजी पुण्यानुमोदन. पालीत 'कालं करोति' म्हणजे मरतो, 'कालकत' म्हणजे मेलेला. मराठी तोंडात त्याचे 'कालकथित' झाले असावे, असे मला वाटते. संस्कृतच्या कसोटीवर कोणी त्याला अशुद्ध म्हणेल. मी म्हणणार नाही. लाखो लोक ज्या शब्दाने आपल्या आईबापांना निरोप देतात, तो शुद्धच.

आणि या सगळ्या शब्दांआधी, त्या सकाळी चाळीचाळींतून जो शब्द पसरला असेल, तो साधाच असणार: बाबा गेले. 'गेला' हे रूप 'गत'पासून आले. तोच 'गत' दिवंगतात आहे, आणि सुगत, तथागत या बुद्धाच्या नावांतही. दिवंगत कुठे गेला ते सांगतो. सुगत आणि 'गेले' सांगत नाहीत. अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायाबापड्यांच्या तोंडचे ते दोन शब्द पंडितांनी शोधून दिलेल्या महापरिनिर्वाणाइतकेच नेमके होते.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला. १९५६ नंतर मराठीत रुजलेले हे अर्थ त्यात असणे शक्यच नव्हते. आज जो कोणी मराठीचा मोठा कोश करील, त्याने चैत्यभूमी, कालकथित आणि पुण्यानुमोदन यांना व्युत्पत्तीसकट, तारखेसकट आणि ते शब्द घडवणाऱ्या लोकांच्या नावे जागा द्यावी.