रुमाल, मुखवटा आणि विषाची वाट (थ्रेड)

१/ समुद्रपूर-हिंगणघाट हा वर्धा जिल्ह्याचा कापूसपट्टा. वर्धा नदीपलीकडे यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. तोंडाला रुमाल बांधून फवारणे ही इथली जुनी रीत. तो रुमाल अपुरा का, याचे उत्तर पहिल्या महायुद्धात सापडते.

२/ २२ एप्रिल १९१५ : बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. हा वायू फुप्फुसांवर घाला घालतो. सैनिकांनी आधी ओली कापडे तोंडावर धरली. पुढे गाळणीचे मुखवटे आले. श्वासाची वाट राखली गेली.

३/ जुलै १९१७ : त्याच रणभूमीवर मस्टर्ड वायू आला. त्याचे तेलकट थेंब गणवेशात मुरून कातडी जाळत. मुखवटा असूनही सैनिकांच्या अंगावर फोड उठले. धडा स्पष्ट होता : विष कोणत्या वाटेने शिरते ते आधी ओळखावे, मग साधन निवडावे.

४/ मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके श्वासाइतकीच त्वचेतूनही शिरतात आणि मज्जासंस्थेचे कार्य बिघडवतात. याच कुळातील कीटकनाशके शोधताना गेऱ्हार्ड श्राडर यांच्या हाती १९३६ मध्ये ‘टाबून’ हे युद्धविष लागले होते.

५/ १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक बळी घेतले. त्यानंतरच्या चौकशीतून कीटकनाशक कायदा, १९६८ आणि नियम, १९७१ आकारास आले.

६/ नियम ३९ फवारणाऱ्यालाही संरक्षण देतो : विष न झिरपणारा, धुता येणारा पोशाख, अर्ध्या हातापर्यंतचे रबरी मोजे, चष्मा, बूट. श्वसनसाधनांसाठी नियम ४० वेगळा आहे. म्हणजे १९१७ चा धडा आपल्या कायद्यात उतरला होता.

७/ शेतात मात्र तो पोहोचला नाही. २०१७ मध्ये कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारा वर मारला की तुषार अंगावरच येत. सुती सदरा भिजला की विष त्वचेला चिकटून राहते. भिजलेला रुमाल तर ते नाकातोंडाशीच धरून ठेवतो.

८/ विदर्भाच्या दमट उकाड्यात अभेद्य पोशाख दिवसभर घालवत नाही, आणि रोजंदारीच्या मजुराला तो देणार कोण, हा प्रश्न उरतोच. म्हणून निवड डब्यापासून सुरू व्हावी : लाल त्रिकोणाचे जहाल औषध टाळणे, द्रावण कालवताना मोजे-चष्मा, भिजलेले कपडे तत्काळ बदलणे. कायदा कागदावर पूर्ण आहे. तो मजुराच्या अंगावर चढवण्याची जबाबदारी अजून कोणी उचललेली नाही.